जॉब सरकला त्या दिवशी

मिलिंग मशीनवर कटचा आवाज बदललेला कानाला कळला, पण हात टेबल सरकवणाऱ्या फीडवरून निघेपर्यंत माझा जॉब, म्हणजे कापायला बांधलेली बिडाची (ओतीव लोखंडाची) प्लेट, फिरली होती. १२ मिमीचा एंड मिल (फिरणारा कटर) कडकन तुटला आणि तुकडा मागच्या भिंतीवर आदळला. डोळ्यांवर चष्मा होता म्हणून निभावलं.

मशीन बंद केलं आणि काहीही न सोडवता नुसता पाहत बसलो. नट ढिले केले असते तर जॉब का सरकला याचा माग पुसला गेला असता. जॉब टेबलावर दाबून धरायला क्लॅम्प म्हणून मी भोकं पाडलेल्या पट्ट्या वापरत होतो. भोक जिथे होतं तिथेच स्टड, म्हणजे टेबलातून वर येणारा आट्यांचा दांडा, येणार. मोजलं तर स्टड जॉबपासून ६० मिमी आणि मागच्या पॅकिंगपासून (पट्टीचं दुसरं टोक टेकवायच्या ठोकळ्यापासून) ३० मिमी अंतरावर होता. क्लॅम्प म्हणजे तरफच, नटचा जोर स्टडच्या जवळच्या टोकाला जास्त जातो. म्हणजे दोन तृतीयांश दाब पॅकिंग खात होतं आणि जॉबला उरला होता एक तृतीयांश. पाना मी अंगातलं सगळं बळ लावून आवळला होता, पण ते बळ नको तिथे गेलं.

शिवाय पॅकिंग जॉबपेक्षा थोडं बुटकं होतं. पट्टी मागे झुकलेली, आणि जॉबच्या फक्त बाहेरच्या कडेवर टेकलेली.

सगळं मोकळं करून टी-स्लॉट (टेबलातली उलट्या टी आकाराची खाच) पुसायला घेतला तेव्हा मात्र पोटात गोळा आला. स्लॉटच्या तळाला गोल, चकचकीत खूण होती. स्टड ज्यात बसतो त्या, स्लॉटमधल्या टी-नटच्या आरपार जाऊन तो खाली टेकला होता. असा टेकलेला स्टड पिळत राहिलो तर टी-नट वर उचलला जातो, आणि टेबल बिडाचं, त्याच्या स्लॉटचा ओठ तुटून येतो. एंड मिल नवा आणता येतो, टेबल कुठून आणणार?

त्याच दुपारी नवे क्लॅम्प करायला घेतले. ३० बाय १६ मिमीची एमएसची (साध्या पोलादाची) पट्टी, ११० मिमी लांबीचे दोन तुकडे. पट्टीवरची काळी खपली कानशीने आधी काढली, नाहीतर व्हाइसमध्ये पकड नीट बसत नाही. एम१० (१० मिमी जाडीच्या) स्टडसाठी ११ मिमी रुंदीचा खाचा हवा होता, आणि तो लांब, म्हणजे स्टड सरकवून जॉबच्या जवळ आणता येईल. आधी ओळीने भोकं पाडली, मग १० मिमीच्या एचएसएस (हाय स्पीड स्टील) एंड मिलने मिनिटाला ८०० फेऱ्यांवर दीड-दीड मिमी खोल कट घेत खाचा जोडला. बाजू अर्धा-अर्धा मिमी रुंदावताना घाई करायची नाही. टेबल सरकवणाऱ्या माझ्या लीडस्क्रूला बॅकलॅश (आट्यांत ढिलेपणा) आहे, क्लाइंब कट, म्हणजे कटर फिरतो त्याच दिशेने जॉब सरकवून कट, घेतला की कटर टेबलच खेचून घेतो. म्हणून दोन्ही बाजू नेहमीच्या, उलट दिशेच्या कटनेच केल्या. वेळ लागला, पण खाचा सरळ आला.

मागच्या टोकाला ८.५ मिमीचं भोक पाडून एम१०चे आटे काढले आणि त्यात बोल्ट डोकं खाली ठेवून बसवला, वर लॉकनट. उंची आता या बोल्टने जमते, ठोकळे शोधावे लागत नाहीत. डोक्याखाली ॲल्युमिनियमची चकती ठेवतो, टेबलावर वळ उठू नये म्हणून. हे टोक जॉबपेक्षा किंचित उंच ठेवायचं, म्हणजे क्लॅम्पचं नाक (पुढचं टोक) जॉबवर आत टेकतं.

टी-नट १२ मिमीच्या स्लॉटसाठी केले. तळाकडचा शेवटचा आटा सेंटर पंचने ठोकून बिघडवला, म्हणजे स्टड खाली उतरूच शकत नाही. या एका ठोक्याने मला सगळ्यात जास्त समाधान दिलं.

संध्याकाळी तीच प्लेट पुन्हा बांधली. स्टड जॉबपासून ३० वर, मागचा बोल्ट स्टडपासून ६० वर. पाना तोच, जोर तेवढाच, पण जॉबला दुप्पट दाब. डायल गेजची (बारीक हालचाल काट्यावर दाखवणाऱ्या मापकाची) काडी प्लेटच्या कडेला लावून दोन्ही नट आलटून-पालटून आवळले. पहिल्या नटला काटा थोडा हलला, दुसऱ्याला जागेवर आला. मग प्लेटला रबरी हातोड्याने दोन्हीकडून ठोकलं. काटा शांत राहिला. पहिला कट अर्धा मिमीचा घेतला आणि शेवटपर्यंत कान देऊन उभा राहिलो. आवाज एकसारखा होता.