दहा हजारांची पावती

नेपाळमधल्या रोल्पा जिल्ह्याचे मुख्यालय असलेल्या लिवांग येथे, परदेशी नोकरीसाठी निघालेल्यांना सल्ला देणाऱ्या केंद्राच्या कामाशी माझा संबंध होता. 13 फेब्रुवारी 1996 रोजी पोलीस चौक्यांवरील ज्या हल्ल्यांनी माओवादी सशस्त्र संघर्षाला तोंड फुटले, त्यांतील एक याच जिल्ह्यात झाला. 2006 मध्ये शांतता करार झाला, बंदुका थांबल्या. पण गावात रोजगार आला नाही, आणि तरुण मुले आधी जिवाच्या भीतीने घर सोडत होती ती आता पोटासाठी सोडू लागली.

त्या दिवशी एक तरुण आणि त्याची थोरली बहीण आली. मुलाला मलेशियात कारखान्यात काम मिळणार होते आणि गावातल्या दलालाने दीड लाख नेपाळी रुपये मागितले होते. बहिणीने पिशवीतून दोन कागद काढले. एक छापील पावती, बरोबर दहा हजारांची. दुसरे शाळेच्या वहीचे पान, त्यावर उरलेली रक्कम पेन्सिलीने लिहिलेली आणि खाली कोणाचीही सही नाही.

2015 मध्ये मलेशिया आणि आखाती देशांसाठी नियम झाला की व्हिसा आणि तिकिटाचा खर्च मालकाने करायचा, आणि भरती कंपनीला कामगाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त दहा हजार रुपये घेता येतील. त्यामुळे पावती नियमाबरहुकूम फाडली जायची आणि खरा व्यवहार पेन्सिलीत व्हायचा. पुढे फसवणूक झालीच, तर तक्रारीला पुरावा म्हणून उरायची ती हीच निर्दोष पावती. कायदा पाळल्याचा पुरावा इतक्या सफाईने कायदा मोडणाऱ्याच्याच हाती जावा, याची मला आजही चीड येते.

आमच्या सल्लागार बाई स्वतः कुवेतमध्ये घरकाम करून परतलेल्या होत्या. त्यांनी नियम सांगण्याआधी हिशेब मांडला. "बहिनी, पैसे कुठून आणणार?" सावकाराकडून, दरमहा शेकडा तीन व्याजाने. म्हणजे नुसते व्याजच महिन्याला साडेचार हजार, वर्षाला चोपन्न हजार. नेपाळच्या मुलुकी देवानी संहितेनुसार, म्हणजे तिथल्या दिवाणी कायद्यानुसार, व्याज वर्षाला दहा टक्क्यांच्या वर घेता येत नाही, पण सावकाराच्या दारात संहिता कोण वाचतो!

बाईंच्या सांगण्यावरून मुलाने तिथूनच दलालाला फोन लावला आणि पैसे बँकेतून, भरती कंपनीच्या खात्यावर भरतो, एवढेच म्हटले. पलीकडून आधी आरडाओरडा झाला, मग फोन बंद झाला, आणि दुपारी दलालाचाच फोन आला: साठ हजार पुरतील. हीसुद्धा बेकायदा रक्कमच होती. रीतसर तक्रार करावी असे आमचे म्हणणे होते. परंतु दलाल नात्यातला, आणि नोकरी हातची जाण्याची धास्ती मोठी, म्हणून दोघांनी नकार दिला. त्यांच्या जागी बसून पाहिले तर तो नकार मला चुकीचा वाटत नाही.

बहिणीने मात्र दोन अटी घातल्या. श्रमस्वीकृती, म्हणजे परदेशी नोकरीचा सरकारी परवाना, आणि विमा झाल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, आणि कर्ज सावकाराकडून न काढता सहकारी संस्थेतून तिच्या नावावर काढायचे. त्या बदल्यात भावाने दरमहा तिच्याच खात्यावर पैसे पाठवायचे, आधी हप्ता फेडायचा आणि उरलेल्यातून शेळ्या घ्यायच्या. भाऊ थोडा कुरकुरला. तिने ते सगळे वहीच्या त्याच पानाच्या मागे, या वेळी शाईने, लिहिले आणि त्याची सही घेतली.