एक्सप्रेस रेप्लिका, सांगली बिल्ड: वायरी हलवल्या आणि अँप उघडला

मंडळी, मधे बरेच दिवस अपडेट टाकलं नव्हतं कारण टाकण्यासारखं काही नव्हतं, नुसतं ड्रिलिंग आणि सोल्डरिंग चालू होतं. आता मात्र आहे. ट्रेनरेक एक्सप्रेस या व्हॉल्वच्या गिटार अँपची (अँप्लिफायरची) रेप्लिका चालू झालीये, व्होल्टेज सगळे जाग्यावर आहेत आणि परवा पहिल्यांदा फुल व्हॉल्यूमवर मोकळा वाजवून बघितला. नाद खुळा आवाज आहे, आधीच सांगून टाकतो.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात. केन फिशर हा न्यू जर्सीचा माणूस, आधी अँपेग या अँप बनवणाऱ्या कंपनीत होता, मग १९८० च्या दशकात ट्रेनरेक नावानं स्वतःचे अँप हातानं बनवायला लागला. एक्सप्रेस, लिव्हरपूल आणि रॉकेट ही त्याची तीन मॉडेल सगळ्यांना माहीत असतात. तब्येतीनं त्याला साथ दिली नाही त्यामुळं अँप फार थोडे बनले, आणि २००६ मध्ये तो गेला. अँपला सिरियल नंबर द्यायच्या ऐवजी तो बाईचं नाव द्यायचा, प्रत्येक अँपला वेगळं. माझ्या अँपचं नाव मी चेसिस वाकवायच्या आधीच ठरवलं होतं, कृष्णा. सांगलीत बनलेल्या अँपला दुसरं नाव मला तरी सुचत नाही.

सर्किट कागदावर बघितलं तर सोपं वाटतं. तीन १२एएक्स७ (सिग्नल वाढवणारे छोटे व्हॉल्व), दोन ईएल३४ (स्पीकरला ताकद देणारे मोठे व्हॉल्व), साधारण ३५ वॅट, एकच चॅनेल, मास्टर व्हॉल्यूम (शेवटी एकूण आवाज कमी करायचं बटण) नाही, रिव्हर्ब नाही, पेडल मधे जोडायचा लूप नाही. पार्टची यादी एका पानावर मावते. तरीपण हा अँप जगभरातल्या बिल्डर लोकांना रडवतो, कारण यात वायर कुठून जाते हा पण एक पार्ट आहे आणि तो कुठल्याच यादीत लिहिलेला नसतो. आजचं सगळं अपडेट खरं म्हणजे त्याच्यावरच आहे, पण आधी ट्रान्सफॉर्मरचं सांगतो.

बाहेरून ट्रान्सफॉर्मर मागवायचा म्हणजे वजनामुळं कुरियरच परवडत नाही, वर कस्टम. म्हणून दोन्ही इथंच बनवून घेतले. कुपवाड एमआयडीसीत एक अण्णा आहेत, स्टॅबिलायझर आणि पंपाच्या मोटारी गुंडाळण्यात त्यांची हयात गेली. त्यांनी आधी विचारलं, "हे करंटसाठी हाय का आवाजासाठी?" म्हणलं अण्णा, आवाजासाठी. मग म्हणाले, "मग निवांत करायला लागंल, घाई करू नका." आणि खरंच निवांत केलं. आउटपुट ट्रान्सफॉर्मरला सीआरजीओ पत्ती (ट्रान्सफॉर्मरची चांगल्या स्टीलची पत्ती) घेतली, आणि प्रायमरी (व्हॉल्वकडची वाइंडिंग) एकाच ढिगात न गुंडाळता तुकड्या तुकड्यात, मधे मधे सेकंडरीचे (स्पीकरकडच्या वाइंडिंगचे) थर घालून, प्रत्येक थराला मायलरची प्लास्टिक फिल्म. असं केलं की लीकेज इंडक्टन्स कमी होतो आणि वरच्या फ्रिक्वेन्सी गळत नाहीत. अण्णांना हे शब्द सांगायची गरज पडली नाही, थर का घालायचे ते त्यांनी चित्र बघूनच ओळखलं. शेवटी वॉर्निशमध्ये बुडवून भट्टीत वाळवला.

तपासायची पद्धत सोपी आहे, ज्यांनी लोकल वाइंडिंग करून घेतलंय त्यांनी नक्की करा. ८ ओहमच्या सेकंडरीवर ५ व्होल्ट एसी द्यायचे आणि प्रायमरीच्या दोन टोकांवर किती येतात ते मोजायचं, हात लांब ठेवून, कारण तिथं शंभराच्या वर येतात. मला १४३ आले. म्हणजे रेशो २८.६, त्याचा वर्ग ८१८, गुणिले ८ म्हणजे साडेसहा हजार ओहम. मी जो आराखडा वापरतोय त्यात ६.६ के आहे, म्हणजे बरोबर बसला. सेंटर टॅपच्या (वाइंडिंगच्या मधून काढलेल्या वायरीच्या) दोन्ही बाजू पण सारख्याच आल्या. अण्णांना फोन करून सांगितलं तर म्हणाले, "मग काय, मोजूनच गुंडाळलाय की."

पॉवर ट्रान्सफॉर्मर २९०-०-२९० व्होल्टचा आहे, हीटरची (व्हॉल्व आतून तापवणाऱ्या तारेची) वेगळी ६.३ व्होल्टची वाइंडिंग ५ अँपिअरची. ईएल३४ ला प्रत्येकी १.५ अँपिअर लागतो आणि १२एएक्स७ ला ०.३, म्हणजे एकूण ३.९, वर थोडी सवड पाहिजेच. प्रायमरीला मुद्दाम २३० आणि २५० असे दोन टॅप काढून घेतले. आमच्याकडं रात्री लाइन २४५ पर्यंत चढते आणि तेव्हा २३० च्या टॅपवर हीटर ६.७ व्होल्टवर जातो. व्हॉल्व मरत नाही लगेच, पण चढ्या हीटरवर त्याचं आयुष्य कमी होतं, आणि आता व्हॉल्वचे भाव बघितले तर टॅपचा खर्च काहीच नाही. त्याच कारणानं मेन फिल्टरला ४५० व्होल्टचा एकच कपॅसिटर न लावता १०० मायक्रोफॅरड ३५० व्होल्टचे दोन सिरीजमध्ये लावले, प्रत्येकावर २२० के चा रेझिस्टर. त्यानं दोघांवर व्होल्टेज सारखं वाटलं जातं आणि बंद केल्यावर चार्ज पण उतरतो. तरी दरवेळी मीटर लावून शून्य बघितल्याशिवाय आत हात घालू नका. ४०० व्होल्ट डीसी म्हणजे खेळ नाही.

पहिल्यांदा चालू करताना सिरीज बोर्ड वापरला, जो कुठल्याही इलेक्ट्रिशियनकडं असतो तोच, ६० वॅटचा जुना फिलामेंटचा बल्ब लावून. एलईडी बल्ब चालत नाही त्याला, जुने बल्ब मिळाले तर घेऊन ठेवा. व्हॉल्व न लावता चालू केलं, बल्ब एकदा भगभगला आणि विझत गेला, म्हणजे शॉर्ट नाही. मग व्हॉल्व बसवले, ईएल३४ स्लोव्हाकियाचे जेजे, आणि फेज इन्व्हर्टरच्या (दोन ईएल३४ ला सिग्नल वाटून देणाऱ्या) जागी बंगळूरच्या बीईएलचा (भारत इलेक्ट्रॉनिक्सचा) जुना ईसीसी८३, म्हणजे १२एएक्स७ च, जो एका रेडिओ दुरुस्तीवाल्या काकांनी कापसात गुंडाळून जपून ठेवला होता आणि मला दिला. आपल्या देशात बनलेला व्हॉल्व या अँपमध्ये असावा अशी माझी फार इच्छा होती.

फीडबॅकची वायर (आउटपुटचा थोडा सिग्नल मागं आणणारी) जोडली आणि स्टँडबाय स्विच सोडला तर कर्कश किंचाळी. घाबरू नका, यात बिघाड नसतो. आउटपुट ट्रान्सफॉर्मरची कुठली टोकं कुठल्या ईएल३४ च्या प्लेटला जायची हे नवीन वाइंडिंगमध्ये आधी कळत नाही. उलटी लागली की निगेटिव्ह फीडबॅक पॉझिटिव्ह होतो. बंद केलं, कपॅसिटर उतरवले, दोन प्लेटच्या वायरी अदलाबदल केल्या, शांत. बायस (काही वाजत नसताना प्रत्येक ईएल३४ मधून वाहणारा करंट) ३६ मिलिअँपिअरवर ठेवलाय, कॅथोडला १ ओहमचा रेझिस्टर आहे त्यामुळं मिलिव्होल्ट तेवढेच मिलिअँपिअर, फक्त त्यात स्क्रीनचा करंट पण धरलेला असतो हे लक्षात ठेवा. प्लेटवर ३९८ व्होल्ट. म्हणजे साधारण १४ वॅट, ईएल३४ ची मर्यादा २५ ची आहे. अजून वर नेता येईल, पण मला इथं आवाज आवडला म्हणून इथंच थांबलो.

आता वायरींचं.

घरी विश्रामबागेत हा अँप व्हॉल्यूम तीनच्या वर नेता येत नाही, शेजारी चांगले आहेत म्हणून तीनपर्यंत तरी. मास्टर व्हॉल्यूम नसलेला अँप मोठा केल्याशिवाय बोलतच नाही, त्यामुळं मार्केट यार्डात मित्राचं हळदीचं गोदाम आहे तिथं घेऊन गेलो. सोबत दोन ग्रीनबॅक स्पीकरचं कॅबिनेट, १६ ओहमचे दोन पॅरलल म्हणजे ८ ओहम, आणि दोघांचे मिळून ५० वॅट, म्हणजे स्पीकरला थोडी सवड आहे. सगळीकडं पोती रचलेली, हळदीचा वास, आणि मधे अँप उघड्या चेसिसवर. व्हॉल्यूम सातवर नेला की सूर संपत येताना त्याच्या शेपटीवर एक खरखरीत फुसफुस यायची, तळणाला पाणी लागल्यावर येते तशी. लाइनचा हम (विजेचा घुमणारा आवाज) नव्हता, खराब व्हॉल्व पण नव्हता, बदलून बघितले.

हे का होतं ते समजून घ्या. १२एएक्स७ चा प्रत्येक स्टेज (सिग्नल वाढवायचा टप्पा) सिग्नल उलटा करतो. ग्रिड म्हणजे व्हॉल्वमध्ये सिग्नल जायची जागा, प्लेट म्हणजे मोठा होऊन बाहेर यायची. पहिल्या स्टेजच्या ग्रिडवर जो सिग्नल आहे तो दुसऱ्या स्टेजच्या प्लेटवर दोनदा उलटून परत सरळ झालेला असतो, आणि कित्येक पटीनं मोठा झालेला असतो. या दोन वायरी शेजारून गेल्या की मधल्या हवेतून एखाद-दोन पिकोफॅरडचं कपॅसिटन्स तयार होतं आणि मोठा सिग्नल परत तोंडाशी येतो, सरळ फेजमध्ये. जास्त झालं की अँप ओरडतो, थोडं कमी असलं की अशी फुसफुस, आणि अगदी थोडं असलं की वरचे हार्मोनिक जागे होतात. उलट्या फेजच्या वायरी जवळ आल्या तर बरोबर विरुद्ध, ट्रेबल मरतो. म्हणजे वायर लांब ठेवली की काम झालं असं या अँपमध्ये नाही. शिल्डेड वायर घाला असं बरेच जण सांगतात, तो सेफ मार्ग आहे, पण माझं स्पष्ट मत आहे की मग एक्सप्रेस बनवायचाच कशाला, दुसरे चांगले अँप आहेत.

म्हणून उदबत्तीची कोरी काडी घेतली. पेन्सिल कधीच वापरू नका, शिसं करंट नेतं. मित्र गिटारवर एकच ए कॉर्ड मारत राहिला, मी काडीनं एकेक वायर हलकी दाबत गेलो. बायसच्या वायरीला काही नाही, टोनच्या वायरीला जरासा फरक. दुसऱ्या स्टेजच्या प्लेटची निळी वायर बोर्डावरून उठून इनपुटच्या वायरीवर तिरकी जात होती, तिला काडी लावल्या लावल्या फुसफुस बंद. चेसिसला पार चिकटवली तर आवाज स्वच्छ पण निर्जीव, जसं कुणी स्पीकरवर गोधडी टाकली. हळूहळू वर सोडली. चेसिसपासून बोटभर उंचीवर आली आणि कॉर्ड उघडला, सूर विझायच्या ऐवजी फुलत गेला आणि शेवटी स्वतःच वरच्या ऑक्टेव्हवर गेला. आम्ही दोघं एकमेकांकडं बघत राहिलो. ती वायर तिथंच ठेवली, सोल्डरचा सांधा परत तापवून तिचा ताण काढला म्हणजे नंतर ती आपोआप हलणार नाही.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत ज्यांनी तंबोऱ्याची जवारी काढताना (घोडी घासून तारेचा झंकार जुळवताना) बघितलंय त्यांना हे लगेच कळेल. घोडीवर तारेखाली सुताचा दोरा असतो, तो केसभर सरकला की मुका तंबोरा बोलायला लागतो. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, पण त्या गल्लीत हे काम पिढ्यान्‌पिढ्या कानावरच चालत आलंय. फिशर पण प्रत्येक अँप कानानं लावायचा. मला वाटतं आपल्या भागात हा अँप बनवणं त्यामुळंच योग्य आहे, इथं कानावर विश्वास ठेवणारे कारागीर अजून भेटतात.

आणि पेटी पण त्याच गल्लीत चाललीये. ओरिजिनलला चांगल्या लाकडाच्या पेट्या असायच्या, मी तिथल्या एका मिस्त्रींकडून वाळवलेलं तुणाचं लाकूड घेतलं, सतारीला वापरतात तेच. वजनाला हलकं आहे, दोन ट्रान्सफॉर्मरचं ओझं पेलेल का अशी शंका मिस्त्रींनीच काढली, म्हणून चेसिस पेटीला न टांगता खालच्या फळीवर बसवतोय आणि त्या फळीला आतून सागाच्या दोन पट्ट्या. पॉलिश चपडा लाखेचं, स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या बोळ्यानं, पातळ पातळ हात. मिस्त्री म्हणतात पावसाळी हवेत लाख पांढुरकी पडते, हवा कोरडी झाल्यावर करू. मी घाई करणार नाही.

गोदामातला एक मुद्दा राहिला. तिथं मला ब्राइट स्विच (ट्रेबल वाढवणारा) चालूच पाहिजे असं वाटत होतं, घरी आणल्यावर तोच स्विच कानात टोचायला लागला. पोत्यांनी वरच्या फ्रिक्वेन्सी गिळल्या होत्या. त्यामुळं ब्राइट कपॅसिटरची व्हॅल्यू कुठल्या खोलीत ऐकून ठरवायची हा खरा प्रश्न आहे, मी आता एखादा मोकळा, पोती नसलेला हॉल शोधतोय आणि तोपर्यंत तो पार्ट बोर्डावर पक्का करणार नाही.

गिटारचा व्हॉल्यूम दहावरून पाचवर आणला की अँप जवळजवळ क्लीन होतो, आणि पिक हलकी मारली की घंटेसारखा. पेडल सगळी पिशवीतच राहिली.

राहिलेलं काम: हीटरला दोन १०० ओहमचा सेंटर टॅप आहे तरी थोडा हम शिल्लक आहे, तो थोडा पॉझिटिव्ह व्होल्टेजवर उचलून बघायचा. प्रेझेन्सचं (वरच्या फ्रिक्वेन्सीचं) बटण अगदी शेवटी खसखसतं, त्याचं पॉट (फिरवायचा रेझिस्टर) बदलायचं. ज्यांनी एक्सप्रेस बनवलाय त्यांनी आपापल्या तिन्ही १२एएक्स७ चे प्लेट व्होल्टेज आणि चेसिसचा आतला फोटो टाका, मला विशेष करून दुसऱ्या स्टेजची वायर कुणी कुठून नेलीये ते बघायचंय.