परदेशात राहून मायदेशाचा पासपोर्ट काढताना

आपलं शहर कोणत्या वाणिज्य दूतावासाच्या हद्दीत येतं ते आधी बघा; भलतीकडे पाठवलेली फाइल बहुधा तशीच परत येते. खरी डोकेदुखी नावाची. जन्मदाखल्यावर तीन शब्द, निवास परवान्यावर दोनच, त्यात लग्नानंतर बदललेलं आडनाव. मग विवाहदाखला जोडा. तो तिसऱ्या देशातला असेल तर अपोस्टिल, म्हणजे दाखल्यावरची सही खरी असल्याचा सरकारी शिक्का, मागतात, आणि ते दाखला देणाऱ्या देशातच मिळतं. भाषांतर अपोस्टिलनंतर करून घ्या, नाहीतर शिक्क्याचा मजकूर भाषांतरातून सुटतो आणि पुन्हा पैसे जातात.

फोटोचं माप मायदेशाचं हवं: कुठे ३५ बाय ४५ मिलिमीटर, कुठे दोन इंची चौकोनी. कोपऱ्यावरचा स्टुडिओ सवयीने स्थानिक माप काढून देतो!

जुन्या पासपोर्टात चालू व्हिसा असेल, तर पासपोर्ट रद्द करून परत द्यायला सांगा.