स्क्रीनवाला एआयओ, भाग ३: आकडा ४७ वर अडकला आणि यादीच बदलली

मागच्या भागातली एआयओंची (सीपीयू द्रवानं थंड ठेवणाऱ्या बंदिस्त कूलरांची) खरेदी-यादी रद्द. मित्राचा स्क्रीनवाला ३६० (३६० मिमी रेडिएटरचा) माझ्या रायझन ७७००एक्स सीपीयूवर चढवला होता, स्वतःचा घेण्याआधी नागपूरच्या उन्हाळ्यात एकदा पारखून घ्यावा म्हणून. थंडाव्याबद्दल तक्रार नाही. डोकं फिरवलं ते स्क्रीननं.

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रेंडर चालू, पंखे बोंबलतायत, तापमान दाखवणाऱ्या एचडब्ल्यूइन्फोत सीपीयू नव्वदीपार, आणि पंप-हेडवर (सीपीयूवर बसणाऱ्या, स्क्रीन असलेल्या भागावर) मात्र ठळक अक्षरांत ४७. तो आकडा पीसी स्लीपला जाण्याआधीचा! केबल बदलली, मदरबोर्डवरचा यूएसबी २.० चा दुसरा हेडर वापरला, विंडोजमधलं सिलेक्टिव्ह सस्पेंड (वीज वाचवायला यूएसबी झोपवणारी सोय) बंद केलं. ढिम्म. मग डिव्हाइस मॅनेजर उघडा ठेवून पीसी झोपवला आणि उठवला, तेव्हा उलगडा झाला. स्क्रीन व्यवस्थित जागी होते; उठत नाही ते कंपनीचं सॉफ्टवेअर. आकडा तेच पाठवतं, त्यामुळे शेवटचं चित्र तसंच चिकटून राहतं.

ज्यांच्याकडे असलाच कूलर आहे त्यांच्यासाठी उपाय: टास्क शेड्युलरमध्ये ट्रिगर 'ऑन ॲन इव्हेंट', लॉग सिस्टिम, सोर्स पॉवर-ट्रबलशूटर, इव्हेंट आयडी १. पीसी जागा झाला की ही नोंद पडते. तिच्यावर सॉफ्टवेअरची सर्व्हिस रीस्टार्ट करायची. आता उठल्यावर क्षणभर लोगो येतो आणि मग आकडा हलायला लागतो. तो पहिल्यांदा हलला तेव्हा झालेला आनंद ज्यांनी असलं काही सोडवलंय त्यांनाच कळेल.

पण दहा-बारा हजारांच्या वर पैसे मोजून असली ठिगळं का लावायची? शिवाय सीपीयूचं तापमान स्क्रीनवर हवंच कशाला? ब्राउझर उघडला तरी ते क्षणात दहा-पंधरा अंशांनी उडतं. खरी गोष्ट सांगतं ते द्रवाचं तापमान. आमच्याकडे मे महिन्यात खोलीच ३८ वर असते आणि बऱ्याच एआयओंसाठी द्रवाची मर्यादा ६० च्या आसपास धरतात. म्हणजे हातात उरतात जेमतेम बावीस अंश. पंख्यांची कर्व्हसुद्धा (किती तापमानाला किती वेग) द्रवावर बांधली की त्यांची सारखी वर-खाली थांबते.

म्हणून आता पहिली अट: द्रवाचा सेन्सर हवा. स्वस्तातल्या कित्येक मॉडेलांत तो नसतोच, स्क्रीन कितीही मोठी असो. दुसरी अट: लिक्विडसीटीएलचा (कूलरला आज्ञा देणाऱ्या मुक्त प्रोग्रामचा) सपोर्ट. एनझेडएक्सटीच्या क्रॅकेन झेड या एआयओला त्यातून 'सेट एलसीडी स्क्रीन लिक्विड' एवढी आज्ञा दिली की पंप-हेड द्रवाचं तापमान स्वतःच दाखवतं, मागे कुठलं सॉफ्टवेअर चालू लागत नाही. क्रॅकेन एलीटची ६४० बाय ६४० ची स्क्रीन झेडच्या ३२० बाय ३२० पेक्षा कितीतरी रेखीव आहे, पण निव्वळ आकड्यासाठी मला झेड पुरेल. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर जुना स्टॉक शोधायला सांगितलंय.

हे लिहिता लिहिता आणखी एक सुचतंय. पीअरलेस असॅसिनसारखा एअर कूलर आणि केसमध्ये वेगळी साडेतीन इंची यूएसबी स्क्रीन? स्क्रीन गेली तर तेवढीच बदलायची, आणि पैसेही निम्म्यावर येतील. द्रवाचा आकडा मात्र जाईल, आणि मला तोच हवाय. तरी झेड मिळाला नाही तर हाच मार्ग.

तोवर केसच्या छताखाली मोजायची टेप लावतो: २७ मिमी रेडिएटर अधिक २५ मिमी पंखे, म्हणजे ५२. रॅमचे हीटस्प्रेडर आड आले तर ३६० पुढच्या बाजूला जाईल, नळ्या खाली ठेवून.