कॅलिपरच्या पाठीवरचा ग्राइंडर

पायडल मऊ लागतंय म्हणून आलेली गाडी होती. सोलापुरात अक्कलकोट रोडला यंत्रमागाचा कारखाना असलेल्या घरातला पोरगा, जुनी हॅचबॅक, आणि पुढच्या ब्रेकला त्याच कंपनीच्या मोठ्या सेडानचे कॅलिपर, म्हणजे तेलाच्या दाबानं पिस्टन ढकलून चाकाच्या डिस्कवर पॅड दाबणारे भाग, बसवून आणलेले. मॉडेलची नावं मुद्दाम लिहीत नाही, वाचून उद्या कोणीतरी तोच जोड करायला भंगार बाजारात जाईल.

"मिस्तरी, दोनदा पंप केल्याशिवाय धरतच नाही बघा. नुसती हवा काढून द्या, मंगळवारी आईला तुळजापूरला न्यायचंय."

ज्यानं कॅलिपर बसवले त्यानं ब्रेकच्या लाइनीतली हवा काढून काढून ब्रेक ऑइलचे डबे संपवले होते, वर नवा मास्टर सिलेंडरपण, म्हणजे पायडल दाबलं की तेल ढकलतो तो, घातला होता. त्याचे पैसे वेगळे. चाक काढलं आणि पहिल्या नजरेतच दिसलं, हवा काढायची निप्पल खालच्या बाजूला. हवा वर जाते, तेल खाली राहतं, मग निप्पल खाली असेल तर दिवसभर पायडल मारत बसलात तरी वरचा बुडबुडा तिथंच राहणार. आता हे झालं कसं तेही सांगतो, कारण यात करणाऱ्यानं वेंधळेपणा केलाय असं नाही. डावा कॅलिपर डावीकडे आणि उजवा उजवीकडे, असंच कोणीही लावेल. पण त्या सेडानमध्ये कॅलिपर हबच्या, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्याच्या, पुढच्या बाजूला असतो आणि या गाडीत मागच्या बाजूला, म्हणजे तोच डावा इथं बसवला की उलटा होतो, निप्पल खाली जाते. इथं डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावायला पाहिजे होता.

खात्री करायला मी कॅलिपर सोडला, पॅडच्या मधे डिस्कच्या जाडीची लाकडी ठोकळी धरली म्हणजे पिस्टन बाहेर येत नाही, निप्पल वर करून हातात धरला आणि पोराला पायडल मारायला लावलं. भसाभसा हवा आली. दुसऱ्या बाजूचं तसंच. पायडल वर आलं, कडक झालं. पोरगा एकदम खूश, म्हणाला झालं की मिस्तरी, आता बाजू बदला आणि द्या गाडी.

मी देणारच होतो. कॅलिपर पुसायला घेतला म्हणून पाठ दिसली. डिस्कवरनं पलीकडे जाणारा कॅलिपरचा जो भाग असतो, पूल म्हणा त्याला, त्याच्यावर ग्राइंडर मारलेला. काळा रंग फासला होता वरनं, पण बोट फिरवलं की चर लागत होते, आणि कडेला ओतीव लोखंड मधल्यापेक्षा उघड पातळ झालेलं. कारण साधं, या गाडीला 13 इंची रिम. जुनी डिस्क 239 मिलिमीटरची, नवी 256 ची, त्यावर मोठा कॅलिपर, तो रिमला आतनं घासत होता. 14 इंची रिम घालायला पाहिजे होती, त्याऐवजी कॅलिपरच घासला.

मी व्हर्नियर आणला आणि पोराला शेजारी बसवून हिशोब दाखवला. जुन्या कॅलिपरचा पिस्टन 48 मिलिमीटर, याचा 54. सहाचाच फरक वाटतो, पण क्षेत्रफळ सव्वापटीच्या वर जातं. म्हणजे तेवढंच तेल जास्त ढकलायला पाहिजे, म्हणून हवा सगळी निघाली तरी पायडल आधीपेक्षा थोडं खाली जाणारच. आणि जोरात ब्रेक मारल्यावर लाइनीत 70 बार प्रेशर धरलं तर या पिस्टनवर सोळाशे किलोच्या आसपास जोर येतो. पिस्टन आतलं पॅड दाबतो आणि तेवढाच जोर तो पूल पलीकडच्या पॅडवर ओढून आणतो. दर ब्रेकला तो पूल उघडायला बघतो, आणि हा तिथंच पातळ केलेला.

पोरगा म्हणाला, "पण आत्ता तर धरतंय ना ओ."

यावर काय बोलायचं. मी सरळ त्याच्या वडिलांना फोन लावला, या मालक, गाडी अशी देणार नाही म्हटलं. ते आले, चष्मा काढून चर बघितले आणि पोराला विचारलं, हे बदलायचं कशाला होतं?

तेव्हा कळलं. तुळजापूरचा घाट उतरताना एकदा ब्रेक बसले होते, पायडल जमिनीला टेकलं होतं, आई मागच्या सीटवर. घाबरला आणि घाबरायलाच पाहिजे. गाडी न्यूट्रलमधे उतरवत होता, डिझेल वाचतं या समजुतीनं, हे आपल्याकडे बरेच जण करतात. मग इंजिन गाडीला अडवत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो आणि ते तापतात. मी विचारलं त्याआधी ब्रेक ऑइल कधी बदललं होतं? कोणालाच माहीत नाही. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. डॉट 3 म्हणजे ब्रेक ऑइलची एक प्रत, ते नवं असताना निदान 205 डिग्रीपर्यंत उकळत नाही, पाणी धरल्यावर तेच 140 पर्यंत उतरतं. उकळलं की वाफ, वाफ दाबली जाते, पायडल खाली. जुनी डिस्क नी जुना कॅलिपर त्या गाडीला पुरेसे होते. पण दाखवायला गेला तिथं कोणी झाकण उघडून तेलाचा रंगपण बघितला नाही, थेट मोठे कॅलिपर टाक म्हणून सांगितलं. लोक पण तसेच, मॅगव्हीलला, म्हणजे दिसायला छान अलॉय रिमला, पैसे मोजतील आणि ब्रेक ऑइलला घासाघीस करतील.

मी अशा कामाच्या विरोधात नाही. बोल्टचं अंतर जुळतंय, डिस्क कॅलिपरच्या बरोबर मधोमध येतेय, हबचं भोक बसतंय, रिमला जागा आहे, मास्टर सिलेंडरचा बोर, म्हणजे आतला व्यास, बघितलाय, मागच्या ड्रम ब्रेकचे लायनर ठीक आहेत, तर करा ना, डिस्क मोठी असली की उष्णता जास्त झेलते, घाटात फायदाच आहे. मी केलीत अशी कामं आणि अभिमानानं सांगतो.

याचे मूळचे कॅलिपर त्या गॅरेजवाल्यानं भंगारात घातले होते. तसलेच शोधून आणले, पिस्टन, सील, रबरी बूट सगळं नवं, नव्या डिस्क, पॅड, तेलाचा पाइप कॅलिपरला जोडणाऱ्या बॅन्जो बोल्टला नवी तांब्याची वॉशर आणि डॉट 4 तेल. होटगी रोडला सकाळी रिकाम्या रस्त्यावर हळूहळू ब्रेक मारत नवे पॅड डिस्कवर बसवून घेतले, मगच चावी दिली. घासलेले कॅलिपर मालकांना विचारून कटरनं मधोमध कापले, नाहीतर भंगारातनं परत कोणाच्या तरी गाडीला गेले असते.

ज्यानं काम केलं त्यालाही फोन केला. भांडायला नाही. हात चांगला आहे पोराचा, ब्रॅकेट बसवलेलं अगदी चोख होतं, मोजायची सवय तेवढी कोणी लावली नाही. तो शांतपणे म्हणाला, काका, अजून काही गाड्यांना असंच केलंय, कुणाची तक्रार नाही. कोणत्या गाड्या विचारलं तर गिऱ्हाईक तोडताय का म्हणाला आणि फोन ठेवला. तेव्हापासून तेच डोक्यात आहे, त्या गाड्या रोज इथंच सात रस्ता, विजापूर रोडला फिरतायत आणि मला एकही ओळखता येत नाही.

म्हणून हे लिहितोय. सोलापुरात कोणी 13 इंची रिम ठेवून पुढचे कॅलिपर मोठे घातले असतील तर चाक काढा आणि कॅलिपरच्या पाठीवर बोट फिरवून बघा. चर लागले तर गाडी तिथंच उभी करा, मला कळवा, मी येऊन बघतो, बघायचे पैसे घेणार नाही.