परीक्षेत नापास झालेलं खरं पुस्तक

शाळेतला अर्धवेळ ग्रंथपाल दिवसभर काय करतो? बालभारतीचे गठ्ठे मोजतो, ऑफ तास सांभाळतो, आणि वेळ उरलाच तर पुस्तकं देतो. एआयचं प्रशिक्षण आलं तेव्हा अर्थातच संगणकाच्या सरांना पाठवलं. ग्रंथालयाचा त्याच्याशी काय संबंध!

गेल्या आठवड्यात नववीच्या दोन मुली सावित्रीबाई फुल्यांवरच्या प्रकल्पाची संदर्भयादी घेऊन आल्या. "मॅडम, एवढी पुस्तकं द्या ना." लेखक, प्रकाशक, साल, आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा ओळख-क्रमांक, सगळं कसं टापटीप. सावित्रीबाईंचा कवितासंग्रह 'काव्यफुले', १८५४, हे खरं. बाकीची नावं मी कधी ऐकलेली नव्हती, आणि ते कपाट मीच लावलंय. लेखक ओळखीचे, प्रकाशक नामांकित. चॅटबॉटला विचारलंत का, हे विचारायचीही गरज नव्हती.

स्टाफरूममध्ये यावर एकच औषध आहे: मोबाइल बंद. मी खडू घेतला.

आयएसबीएनचे तेरा आकडे. पहिला एकने गुणायचा, दुसरा तीनने, तिसरा एकने, असं शेवटपर्यंत. बेरजेला दहाने भाग गेला पाहिजे; शेवटचा आकडा त्यासाठीच ठेवलेला असतो. भारतातली पुस्तकं बहुधा ९७८-८१ किंवा ९७८-९३ ने सुरू होतात. चॅटबॉटला तेवढं तोंडपाठ होतं. पुढे काय शोभेल ते तो लिहीत जातो, त्यामुळे आकडे दिसायला अस्सल, पण बेरीज जुळेना. मुली खूश. गणिताच्या तासाला इतक्या भराभर गुणाकार करत असतील असं वाटत नाही.

मग एक क्रमांक जुळला. आंधळेपणाने लिहिला तरी दहात एकदा जुळायचाच, मी म्हटलं. शिवाय पुस्तक १९९४ चं दाखवलेलं, आणि तेरा आकडे आले २००७ पासून. त्याआधी दहाच असायचे. पण जुना क्रमांक नंतर तेरा आकडी करून लिहितात, हेही मला सांगावं लागलं. तेवढ्यात दुसरी म्हणाली, "आणि 'काव्यफुले'समोर तर नंबरच नाही."

नसणारच. १८५४ साली कुठला आयएसबीएन?

"म्हणजे आपल्या परीक्षेत खरं नापास आणि खोटं पास?"

मोठ्या ग्रंथालयांच्या ऑनलाइन सूच्या चाळल्या. जुळलेल्या क्रमांकाचं पुस्तक कुठेच नव्हतं. "सापडलं नाही म्हणजे नाहीच का?" यावर मी "बहुतेक" म्हणाले. सूचीत न चढलेली मराठी पुस्तकं किती असतील, हे मला चांगलं माहीत आहे.

शेवटी मुलींनीच यादीत एक रकाना वाढवला: 'हातात घेऊन पाहिलं का?' बहुतेक ओळींपुढे 'नाही' लिहिलं, आणि यादी चॅटबॉटची आहे हेही. प्रकल्प तपासताना बाईंनी तो रकाना खोडायला लावला. ठरलेल्या नमुन्यात बसत नाही म्हणे. बिनपुस्तकांची यादी मात्र नमुन्यात चोख बसली. तिला पूर्ण गुण.

मुख्याध्यापकांकडे मी नववीसाठी एक तास मागितलाय. ते म्हणाले, संगणकाच्या सरांना विचारून सांगतो.