नार्व्याहून साखळीला, पायी

आषाढीला पंढरपूरला जायला मिळालं नाही की गोव्यातली आमच्यासारखी माणसं साखळीची वाट धरतात. तिथे वाळवंटी नदीच्या काठावर विठ्ठलापूरला विठ्ठलाचं देऊळ आहे, एकादशीला ठिकठिकाणच्या दिंड्या पायी तिथे येतात. आमची दिंडी छोटी, पस्तीसेक माणसं, नार्व्याहून निघते, मये, डिचोली, कारापूर करत साखळी, वीसेक किलोमीटर असेल. यंदा माझं तिसरं वर्ष.

जुन्या गोव्याहून पहाटेच्या फेरीबोटीने दिवाड बेट, ते ओलांडून दुसऱ्या फेरीने नार्वे. ही दोन बोटींची वाट मला मुद्दाम आवडते कारण देवही याच वाटेने आला. सप्तकोटेश्वर मूळचा दिवाडीचा, कदंब राजांचा देव, त्यांच्या नाण्यांवरसुद्धा त्याचं नाव आहे, पोर्तुगीजांनी ते देऊळ पाडल्यावर लोकांनी देव नदीपलीकडे नार्व्यात आणला आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी तिथे देऊळ बांधून घेतलं. 2023 ला डागडुजी पूर्ण झाली तेव्हापासून छान उजळलंय. पहाटे दीपस्तंभ पावसात भिजत होता, आत एकच समई, आम्ही नमस्कार केला, गजर केला आणि निघालो.

मयेपर्यंत रस्ता दोन्ही बाजूंनी हिरवागार, पोफळीच्या बागा, आमची कुळागरं, मध्येच एखाद्या वळणावर खाणीची लाल माती वाहून आलेली, पाय घोट्यापर्यंत रंगतात. आमचे पखवाजवाले काका पूर्वी खाणीवर ट्रक चालवायचे. 2012 ला खाणी थांबल्या, मग सुरू झाल्या, 2018 ला परत थांबल्या, तेव्हा त्यांनी ट्रक विकला, आता कुळागरातली सुपारी नि केळी बाजारात नेतात. चालता चालता सांगत होते, "बाय, ट्रकच्या आवाजात पखवाज कधी ऐकूच आला नाही मला, आता रोज बसतो." मयेला एका घरी चहा, उकडलेली रताळी आणि केळी मिळाली. त्या घरच्या आजींनी दारात येणाऱ्या प्रत्येकाचे पाय धुतले, नको नको म्हटलं तरी ऐकलं नाही, म्हणाल्या, "माऊली दारात आली, मी बसून राहू?"

डिचोली जवळ आली आणि माझ्या चपलेचा अंगठा तुटला. समोरच कुंभाराचं घर होतं, तिथल्या वहिनींनी आतून हाक मारली, "बस गो बाय, च्या घे." दिंडी बाजारात थांबणार होतीच, म्हणून मी टेकले. ओट्यावर ओळीने घुमटं मांडलेली, आमच्याकडे आरतीला वाजवतात ती मडक्याची वाद्यं. पावसात माती सुकत नाही, भट्टीही लागत नाही, म्हणून गणेशचतुर्थीचा माल त्यांनी उन्हाळ्यातच भाजून ठेवलेला असतो आणि आता आषाढात बसून त्यावर चामडं चढवायचं काम. वहिनींच्या मुलाने माझ्यासमोर एक चढवलं. भिजवलेलं बकऱ्याचं चामडं मोठ्या तोंडावर पसरलं, कडेने सुतळीचे वेढे घेतले, प्रत्येक वेढ्याला गुडघ्यात मडकं धरून चामडं खाली ओढायचं, परत वेढा, परत ओढ, त्याच्या करंगळीला सुतळीचा घट्टा पडलाय. मागचं छोटं तोंड उघडंच राहतं, वाजवताना डावा तळवा तिथे उघडझाप करतो आणि त्यातूनच तो घुमणारा आवाज निघतो. पूर्वी घोरपडीचं कातडं लावायचे, 1972 च्या वन्यजीव कायद्याने घोरपडीला संरक्षण आहे म्हणून आता बकऱ्याचं. जुने लोक आवाजात फरक पडला म्हणतात, पडला असेल, पण घोरपड जिवंत राहून आरती व्हावी हेच मला पटतं. 2019 ला सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य ठरवलं तेव्हा फार आनंद झाला होता, ओट्यावर बसल्यावर मात्र वाटलं की आपण वाद्याला मान दिला, मडकं घडवणाऱ्या हातांना दोन पैसे जास्त मिळाले पाहिजेत तेही बघायला हवं. आदल्या आठवड्यात चढवून सुकवलेलं एक घुमट मी विकत घेतलं, भाव केला नाही. वहिनींनी ते प्लास्टिकमध्ये दोनदा गुंडाळून दिलं, "पाणी लागलं तर आवाज बसेल हां." चपलेला सुतळी बांधून दिली ती वेगळीच.

बाजारात पितळेच्या दुकानासमोर दिंडी उभी होती. डिचोलीच्या समया आणि साखळीने टांगायचे लामणदिवे आमच्याकडे घरोघरी आहेत, माझ्या आजीचा लामणदिवा इथलाच. किनाऱ्यावर पर्यटकांना बाहेरून आणलेलं पितळ गोव्याचं म्हणून विकतात ते बघून जीव तुटतो, कारण खरा माल तासाभराच्या वाटेवर आहे. त्या दिवशी चालताना हेच सारखं मनात येत होतं, देवाला लागतं ते सगळं, समई, घुमट, सुपारी, केळी, या वीस किलोमीटरात आपल्याच माणसांच्या हातून तयार होतंय.

सर्वणनंतर पावसाने झोडपलं. रेनकोटच्या आत घुमट पोटाशी धरून मी कारापूरपर्यंत आले, टाळ चालूच होते, "ज्ञानोबा माऊली तुकाराम" म्हणताना तोंडात पाणी जात होतं. तिस्कावर, म्हणजे तिठ्यावर, दुसऱ्या दोन दिंड्या भेटल्या, ओळख नसलेल्या बायकांनी गळाभेट घेतली, एकीने फुगडीला ओढलं, पाय दुखत होते ते विसरले.

देवळात रांग मोठी. विठ्ठलापूर मी त्रिपुरारी पौर्णिमेला पाहिलंय, नदीत सजवलेल्या होड्या सोडतात, दोन्ही काठ माणसांनी भरलेले असतात, पण आषाढीची गर्दी वेगळी, सगळे ओले, सगळ्यांच्या पायाला लाल माती. विठ्ठलासमोर दोन क्षण मिळाले, काही मागायचं सुचलं नाही.

आरतीआधी घुमट उघडून पाहिलं तर चामडं सैल, टिचकीला नुसता धप असा आवाज. मला रडूच येणार होतं. पखवाजवाले काका म्हणाले, "आण इकडे." चहा करणाऱ्यांच्या शेगडीपासून हातभर लांब धरून त्यांनी ते हळूहळू फिरवलं, मध्ये मध्ये बोटाने टिचकी, कान लावायचा, परत फिरवायचं. दहा मिनिटं गेली असतील. मग एक टिचकी अशी लागली की शेगडीवरचा मुलगाही वळून बघायला लागला. काकांनी घुमट गळ्यात अडकवलं, डावा तळवा मागच्या तोंडावर ठेवला आणि आरती सुरू झाली.